स्क्वॉड्रन पुन्हा पुन्हा थकून बसते, मोराल वर येत नाही : नेमकं काय तपासायचं

'वॉर इन द पॅसिफिक : ॲडमिरल्स एडिशन' हा दुसऱ्या महायुद्धावरचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्या आमच्या कोल्हापूरच्या ग्रुपात एक तक्रार सारखी येते. बर्मा किंवा सॉलोमन बेटं हातात घेतलेला जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू ती घेऊन येतो. पहिले दोन आठवडे फायटर स्क्वॉड्रन झकास उडते. मग कॅपवर (म्हणजे हवेत घिरट्या घालत पहाऱ्यावर) बारा विमानं सांगितली असताना पाचच वर जातात. बॉम्बरना लक्ष्य दिलेलं असतं, हवामानही ठीक असतं, तरी टर्न बघताना त्यांचं नाव येत नाही. मोराल, म्हणजे मनोबलाचा आकडा, तिशीत घसरलेला असतो. "आरं, कालपर्यंत तर उडत होती की!" असा मेसेज येतो आणि सोबत स्क्रीनशॉट.

त्यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. स्क्वॉड्रनला रेस्ट देतात, काही टर्न कळ काढतात, आकडा जरा बरा दिसला की त्याच बेसवरून त्याच कामाला परत जुंपतात. आठवडाभरात पुन्हा तेच. दुखणं उलटतं याचं कारण सोपं आहे. थकवा उतरला, पण तो ज्यातून आला ती सेटिंग, तो बेस आणि ती अंतरं तशीच राहिली. म्हणून रेस्टचं बटण दाबण्याआधी पाच मिनिटं आकडे नीट वाचा. या खेळात एक टर्न म्हणजे एक दिवस, आणि मोठी मोहीम डिसेंबर १९४१ पासून पुढं काही वर्षं चालते. इतक्या लांबच्या पल्ल्यात ही पाच मिनिटं कुठल्याही हल्ल्याइतकी मोलाची आहेत.

आधी बघा, पडलंय काय

स्क्वॉड्रनच्या स्क्रीनवर थकव्याचा जो आकडा दिसतो तो सरासरी असतो, आणि फसगत तिथंच होते. वैमानिकांची यादी उघडा. प्रत्येकाच्या नावापुढं त्याचा स्वतःचा थकवा लिहिलेला असतो. परवा एका मित्राची हरिकेन फायटरची स्क्वॉड्रन बघत होतो. सोळा विमानं, सरासरी थकवा विशीच्या आसपास, म्हणजे वरवर काळजीचं काही नाही. यादी उघडली तर सगळ्यांत अनुभवी चार-पाच जण पन्नाशीच्या पुढं, आणि कालच भरती झालेली पोरं एकदम ताजीतवानी. लढाई जिंकून देणारे गडी आधीच गळाठलेले होते आणि सरासरी सगळं झाकून टाकत होती. थकलेला वैमानिक लढतो कमी आणि उतरताना विमान आपटतो जास्त. शत्रूची एक गोळी न लागता विमानं कमी होत असतील तर ही यादी सगळ्यांत आधी बघायची.

त्यानंतर तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा : वैमानिकांचा थकवा, स्क्वॉड्रनचं मोराल, आणि तयार विमानांची संख्या. यातलं नेमकं काय पडलंय त्यावर इलाज ठरतो.

थकवा चढलेला पण मोराल अजून शाबूत असेल तर तुम्ही वेळेत आलात. दोष सेटिंगचा आहे, तो आजच्या आज सुधारता येतो. थकवा उतरलेला आहे आणि मोराल तरी वर येत नाही, असं असेल तर स्क्वॉड्रनला विश्रांती मिळाली पण ती खचलेली आहे. याला वेळ लागतो आणि बेस बदलावा लागतो. दोन्ही आकडे ठीक असून उड्डाणं होत नसतील तर वैमानिकांना दोष देऊ नका, घोडं विमानांपाशी अडलंय.

हा शेवटचा प्रकार आधी उरकून घेऊ. बेसच्या स्क्रीनवर एव्हिएशन सपोर्ट, म्हणजे विमानांची देखभाल-दुरुस्ती करणारी माणसं, बघा. ढोबळमानाने एका विमानामागं एक सपोर्ट लागतो. तो कमी पडला की मोडलेली विमानं दुरुस्त व्हायला वेळ लागतो आणि उडण्याजोगी उरलेली चार विमानं रोज तीच उडतात. विमानाचं सर्व्हिस रेटिंगही बघा. ते जितकं जास्त तितकी त्या विमानाची दुरुस्ती रेंगाळते. सप्लाय आटलेला असेल तर बाकी सगळं नीट असून काही होत नाही. एअरफिल्डवरची गर्दीही मोजा. एअरफिल्डच्या आकाराच्या दर लेव्हलमागं एक इंजिनाची पन्नास विमानं हा साधा हिशेब धरायचा, आणि त्यात चार इंजिनांचं एक बॉम्बर चार विमानांची जागा खातं हे विसरायचं नाही. लेव्हल दोनच्या पट्टीवर पाच स्क्वॉड्रन कोंबून "ही का उडत नाहीत" म्हणणारे आमच्याकडं कमी नाहीत. अशा वेळी थोडी विमानं मागं नेली की उरलेली जास्त उडतात. नव्या माणसाला हे पटायला जड जातं, पण एकदा करून बघा.

थकवा कुठून येतो

आता पहिला प्रकार. थकवा चढवणाऱ्या सेटिंगमध्ये सगळ्यांत वाईट असते ती लांब पल्ल्याची कॅप. आपल्या बेसवर घिरट्या घालणं वेगळं आणि नकाशावर आठ घरं लांब जाऊन दुसऱ्याच्या डोक्यावर छत्री धरणं वेगळं. विमानांची जेमतेम काही मिनिटं लक्ष्यावर जातात, बाकी सगळा वेळ जाण्यायेण्यात. काफिला वाचवायचा असेल, किनाऱ्यावर सैन्य उतरवायचं असेल, तर दोन-तीन दिवस ती वापरा. जवळ दुसरा बेस असताना महिनाभर ती चालू ठेवणं म्हणजे स्वतःच्या हातानं स्क्वॉड्रन संपवणं.

त्याच्या खालोखाल अंतर. या खेळात नकाशावरचं एक घर ४० सागरी मैलांचं आहे. जपानी तळ राबाउल ते सॉलोमनमधलं ग्वादलकनाल बेट हे अंतर सुमारे ५६० सागरी मैल, म्हणजे साधारण १४ घरं. १९४२ च्या ऑगस्टमध्ये जपानी झिरो फायटर हाच पल्ला मारत होते. ७ ऑगस्टला त्यांच्यातला वैमानिक साबुरो साकाई डोक्याला गोळी लागून, एका डोळ्यानं दिसेनासं झालेलं असताना साडेचार तासांहून जास्त वेळ विमान चालवत राबाउलला परतला. ही गोष्ट त्याच्या धैर्याची म्हणून सांगतात आणि ती आहेच. पण खेळाडूनं त्यातला दुसरा भाग बघावा : जखमी नसलेले सगळे वैमानिकही तेवढेच तास कॉकपिटमध्ये बसत होते, आणि ते परत परत. जपानकडून खेळताना तुम्ही राबाउलवरून लुंगावर (ग्वादलकनालवरचा बेस) रोज बॉम्बरसोबत एस्कॉर्ट फायटर पाठवत असाल तर थकवा का चढतो हे विचारायची गरज उरत नाही. मधे बुका आहे, बुईन आहे. आधी तिथं इंजिनिअर, सप्लाय आणि एव्हिएशन सपोर्ट न्या, मग हल्ला. जपान्यांनीही बुईनची धावपट्टी ऑक्टोबरपर्यंत तयार केली, पण तोवर बरेच चांगले वैमानिक गेले होते.

टक्केवारीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आघाडीच्या बेसवर फायटरना कॅप ३० ते ४० टक्के, रेस्ट किमान २०, आणि बचावच करायचा असेल तर रेंज शून्य. कॅप ७० वर नेऊन ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. भीतीपोटी होतं ते, मी समजू शकतो. पण उरलेली विमानं काही झोपलेली नसतात. हल्ला येताना दिसला तर त्यांतली काही वर जातातच, आणि रडार असेल तर वेळही मिळतो. हल्ला नक्की उद्याच येणार अशी खात्री असेल तर एक टर्न आकडा वाढवा, आणि दुसऱ्या दिवशी खाली आणायला विसरू नका. टेहळणीच्या विमानांचंही असंच. प्रत्येक दिशेला शंभर टक्के शोध लावून ठेवला की पंधरवड्यात डोळेच जातात, आणि शत्रूचं आरमार नेमकं तेव्हाच येतं.

ट्रेनिंग म्हणजे विश्रांती, हा गैरसमजही काढून टाका. ट्रेनिंगमध्ये विमानं उडतात, वैमानिक दमतात, अपघातही होतात. आघाडीवरून आलेल्या स्क्वॉड्रनला लगेच शंभर टक्के ट्रेनिंगला लावू नका. आधी पूर्ण स्टँड डाउन (उड्डाणं बंद), थकवा उतरला की निम्मं ट्रेनिंग आणि निम्मी रेस्ट.

मोराल खचतं तेव्हा

हे प्रकरण खरं अवघड, आणि याच्यावरच जास्त बोलायला पाहिजे. थकवा हा कष्टाचा हिशेब आहे, झोप मिळाली की तो फिटतो. मोराल खाली जातं ते नुकसानीनं. विनाएस्कॉर्ट बॉम्बर पाठवले आणि निम्मे परत आले नाहीत, ज्या बेसवर माणसं झोपतात त्यावर रोज बॉम्ब पडतायत, थकलेल्यांनाच पुन्हा पुन्हा वर ढकललंय, यानं ते जातं. आणि खचलेली स्क्वॉड्रन हुकूम मोडते. लक्ष्य दिलेलं असूनही उड्डाण न होण्यामागं पुष्कळदा हेच असतं.

अशा स्क्वॉड्रनला त्याच बेसवर रेस्ट देण्याचा उपयोग नाही. ग्वादलकनालवरच्या हेंडरसन फिल्ड या अमेरिकन धावपट्टीचं उदाहरण घ्या. २० ऑगस्ट १९४२ ला तिथं पहिली विमानं उतरली, १९ वाइल्डकॅट फायटर आणि १२ डॉन्टलेस बॉम्बर. पुढचे दोन महिने तिथल्या माणसांना दिवसा बॉम्बर, रात्री जहाजांच्या तोफा, आणि या सगळ्यात मलेरिया आणि हगवण. १३ ऑक्टोबरच्या रात्री कोंगो आणि हारुना या दोन युद्धनौकांनी त्या धावपट्टीवर १४ इंची तोफांचे ९०० हून जास्त गोळे टाकले. अशा जागी उड्डाण बंद असलेला दिवससुद्धा विश्रांतीचा नसतो. २० ऑगस्टला आलेली मरीनची २२३ नंबरची फायटर स्क्वॉड्रन १२ ऑक्टोबरला मागं काढली, त्या भयंकर रात्रीच्या एकच दिवस आधी. आठ आठवड्यांत तिनं लढाईत मोठं नाव केलं होतं आणि तरीही ती काढली. मला वाटतं, अमेरिकनांनी त्या बेटावर घेतलेल्या शहाण्या निर्णयांत हा एक आहे. नावाजलेली स्क्वॉड्रन मागं न्यायला खेळातही मन धजत नाही.

म्हणून खचलेल्यांना खरंच मागं न्या. सॉलोमनमध्ये असाल तर लुंगावरून लुगानव्हिल किंवा नूमेआ. बर्मात असाल तर इंफाळ किंवा चितगाववरून थेट कलकत्ता, शत्रूच्या बॉम्बरच्या रेंजबाहेर. बेस मोठा हवा, सप्लाय भरपूर हवा, एव्हिएशन सपोर्ट पुरेसा हवा. तिथं नेऊन पूर्ण स्टँड डाउन करा आणि त्या स्क्वॉड्रनकडं रोज बघायचं सोडून द्या. मोराल थकव्यापेक्षा पुष्कळ सावकाश चढतं. घाई केली की अर्धवट सावरलेली तुकडी परत जाते आणि या खेपेला आणखी लवकर ढासळते.

मागं असतानाच कमांडर तपासून घ्या. त्याच्या आकड्यांत नुसती हवाई कसब बघू नका, लीडरशिप आणि इन्स्पिरेशन बघा. दोन स्क्वॉड्रन एकाच बेसवर एकच काम करत असताना एक टिकते आणि दुसरी गळते, तेव्हा फरक इथं असू शकतो. कमांडर बदलायला पॉलिटिकल पॉइंट (अशा बदलांसाठी खेळात मिळणारे गुण) लागतात आणि ते कायम अपुरे असतात. तरीही आघाडीच्या चार-पाच स्क्वॉड्रनसाठी ते खर्च करणं मला योग्य वाटतं.

बॉम्बरच्या बाबतीत उंचीचा विचार करा. खालून गेलं की निशाणा बरा लागतो, म्हणून सगळ्यांना मोह होतो. पण विमानविरोधी तोफा असलेल्या बेसवर खालून गेलं की मार बसतो, नुकसान वाढतं आणि मग वर सांगितलं ते सगळं सुरू होतं. लहान धावपट्टीवरून जड बॉम्बर उडवणं हेही तसंच. अपघात वाढतात आणि ते बघायला शत्रूची गरज लागत नाही.

पाळीचा तक्ता

इथपर्यंतचं सगळं केलं तरी दुखणं उलटेल, जर तुमच्याकडं बदली द्यायला कोणी नसेल. आमच्या ग्रुपात यावर खरा तोडगा काढला तो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत सुपरवायझर असलेल्या मित्रानं. त्याला कामावर पाळ्या लावायची सवय. त्यानं बर्माच्या आघाडीसाठी एक्सेलमध्ये सरळ पाळीचा तक्ता केला. आडव्या ओळीत स्क्वॉड्रन, उभ्या रकान्यात आठवडे, आणि प्रत्येक चौकोनात तीनपैकी एक शब्द : आघाडी, पिछाडी, वाटेत. शेजारी मोराल आणि सगळ्यांत दमलेल्या वैमानिकाचा थकवा. सरासरी नाही, सगळ्यांत दमलेल्याचा. रविवारी रात्री तो आकडे भरतो आणि पुढच्या आठवड्याच्या बदल्या तेव्हाच ठरवतो. "मोल्डिंगला माणूस पडल्यावर बदली शोधायची नसते, आदल्या आठवड्यात ठरवायची असते," असं तो म्हणतो. त्याच्या तक्त्यातला सगळ्यांत मोलाचा चौकोन 'वाटेत' हा आहे. स्क्वॉड्रन मागं जायला आणि पुढं यायलाही दिवस जातात, काही विमानं प्रवासात नादुरुस्त होतात. हे दिवस हिशेबात न धरल्यामुळं बऱ्याच जणांची बदली उशिरा पोचते.

या तक्त्यानं एक कडू गोष्ट दाखवली. तीन स्क्वॉड्रन असतील तर लढायला दोनच आहेत असं धरायला लागतं. तिन्ही पुढं ठेवून मोहीम आखली की पहिला महिना तुम्ही बलाढ्य दिसता आणि दुसऱ्या महिन्यात तिन्ही एकदम बसतात. आमच्यापैकी काही जणांना हे अजूनही उधळपट्टी वाटते. पण पिछाडीवर बसलेली स्क्वॉड्रन ही तुमची पुढच्या महिन्याची आघाडी आहे, ती वाया गेलेली नाही.

प्रत्यक्ष युद्धातही हा हिशेब मांडावा लागला होता. ८ सप्टेंबर १९४० ला ब्रिटनच्या फायटर कमांडचा प्रमुख ह्यू डाउडिंगनं स्क्वॉड्रनच्या तीन वर्गवाऱ्या केल्या. ए वर्गातल्या आग्नेय इंग्लंडच्या तोंडावर लढणार, बी वर्गातल्या पूर्ण भरलेल्या आणि बदलीला तयार, आणि सी वर्गातल्या दमलेल्या, शांत भागात बसून नवी पोरं शिकवणार आणि अनुभवी झालेले वैमानिक ए वर्गाला पुरवणार. तोवर तो आख्खी स्क्वॉड्रन बदलत होता. तेवढ्या ताज्या स्क्वॉड्रनच उरल्या नाहीत म्हणून ही तडजोड आली. खेळात तुमची अवस्था बहुतेक वेळा अशीच असते, म्हणून ही पद्धत जशीच्या तशी उचलावी. जिथं आख्खी स्क्वॉड्रन हलवता येत नाही तिथं वैमानिक हलवा.

त्यासाठी दोन सोयी खेळातच आहेत आणि नवे खेळाडू दोन्ही वापरत नाहीत. एक, ग्रुप रिझर्व्ह. विमानांपेक्षा थोडे जास्त वैमानिक मागवून ठेवा आणि थकलेल्यांना यादीतून रिझर्व्हमध्ये टाका. ते स्क्वॉड्रनबरोबरच राहतात, पण उडत नाहीत. हरिकेनवाल्या मित्राला मी हेच करायला लावलं. ते चार-पाच अनुभवी गडी काही दिवस बाजूला बसले, कॅप थोडी विरळ झाली, पण त्यांच्यातलं कोणी गमावलं नाही. दुसरी सोय म्हणजे मोठी स्क्वॉड्रन तीन भागांत तोडणं. एक भाग पुढं, दोन मागं, मग अदलाबदल. एका बेसवर आणून पुन्हा जोडता येतात. लहान धावपट्टीच्या बेटावर यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही.

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न : समोरचा दाबतोय, अशा वेळी स्क्वॉड्रन काढायची कशी? आधी बदली आणा, मग काढा, आणि दोन्ही एका बेसवर असण्याचा काळ शक्यतो एकच टर्न ठेवा, नाहीतर गर्दीत दोन्ही मार खातात. बदलीच नसेल तर बेस काही दिवस रिकामा ठेवायची तयारी दाखवा. धावपट्टीवर बॉम्ब पडले तर ती दुरुस्त होते. तीन-चार वर्षं जपलेले वैमानिक परत येत नाहीत. इंफाळला १९४४ मध्ये अर्जन सिंग यांच्या हाताखालच्या भारतीय नंबर १ स्क्वॉड्रननं हरिकेनवर तो सगळा वेढा काढला, आणि त्याच वेळी जवळच्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण लढत होती. आमच्याकडं बर्माची बाजू घ्यायला चढाओढ लागते ती त्यामुळंच. पण ती जिद्द बघून आपल्या स्क्वॉड्रन वर्षभर इंफाळला खिळवून ठेवू नका. मागं कलकत्त्यापर्यंत बेस आहेत, ते वापरा. स्क्वॉड्रन ज्या हेडक्वार्टरखाली आहे त्याचं बंधन बदल्यांआड येत असेल तर पॉलिटिकल पॉइंट आधीपासून साठवत चला.

परत पुढं कधी पाठवायचं? मी दोन गोष्टी बघतो. यादीतला सगळ्यांत दमलेला वैमानिकही दहाच्या खाली आलेला हवा, आणि मोराल ऐंशीच्या वर. हे माझे आकडे आहेत, तुम्ही दहा-पाच इकडंतिकडं करा, पण दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात. पुढं गेल्यावर पहिले काही दिवस कॅप कमी ठेवा आणि लांबचं काम देऊ नका.

जपानकडून खेळणाऱ्यांसाठी एवढंच जास्तीचं. तुमच्याकडं सुरुवातीचे वैमानिक उत्तम आहेत आणि मागून येणारे कच्चे. अमेरिकनांनी त्यांचे नामांकित वैमानिक शिकवायला घरी पाठवले, जपाननं बहुतेकांना पडेपर्यंत आघाडीवर ठेवलं. खेळ तुम्हाला वेगळं वागायची मोकळीक देतो. १९४२ च्या उन्हाळ्यातच काही अनुभवी वैमानिक काढून ट्रेनिंग कमांडला द्या आणि ट्रुक या मागच्या तळावर एक स्क्वॉड्रन कायम पिछाडीवर ठेवा. राबाउलच्या यादीत पन्नाशीच्या वर थकवा असलेलं एकही अनुभवी नाव दिसलं, तर त्या टर्नला बाकी काही करायच्या आधी ते नाव रिझर्व्हमध्ये टाका.